हिंदी कळफलकावर मराठी लिहिताना

इंदूरमध्ये संगणकावर हिंदी कळफलकच बसवलेला असला, तरी मराठी मजकुरासाठी निराळे सॉफ्टवेअर शोधण्याची गरज नाही, कारण १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत देवनागरीची अक्षरे दोन्ही भाषांसाठी त्याच कळांवर आहेत. शिफ्टसह एन दाबल्यास ‘ळ’ उमटतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. ‘दुसऱ्या’मधील अर्धा र मात्र पुष्कळांना सापडत नाही, आणि मग ‘दुसर्या’ असे विद्रूप रूप थेट लग्नपत्रिकेवरही छापले जाते. ‘ऱ्या’ हवा असल्यास प्रथम शिफ्टसह जे, त्यानंतर शिफ्ट सोडून डी, तिरकी रेषा (/) आणि ई या कळा क्रमाने दाबाव्यात. रोमन अक्षरांतून उच्चारानुसार लिहिणाऱ्यांनी सुचवलेल्या शब्दांतून योग्य रूप निवडावे.