क्रिएचर सेटवर आल्यावर खोटा का दिसतो? या चुका टाळा

वर्कशॉपमध्ये भारी दिसणारा क्रिएचर, म्हणजे सिनेमासाठी बनवलेला यांत्रिक प्राणी, सेटवर का फसतो, तर बऱ्याचदा त्याची टेस्टच चुकीच्या ठिकाणी झालेली असते. १९७५ च्या 'जॉज'मधला मेकॅनिकल शार्क खऱ्या समुद्रात उतरवला आणि खाऱ्या पाण्याने त्याची पार वाट लावली, मग स्पीलबर्गला बराचसा सिनेमा शार्क न दाखवताच काढावा लागला. १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'मध्ये टी-रेक्सची फोमची कातडी पावसात पाणी पिऊन जड झाली आणि तो थरथरायला लागला, शेवटी टेकच्या मधे टीम त्याला पुसत बसायची. म्हणून शॉटमध्ये पाऊस असेल तर पाण्याच्या धारेखाली, धूळ असेल तर धुळीत चालवून बघा, आणि तेही कातडी चढवून, नुसता सांगाडा हलवून काही कळत नाही.

आता सगळ्यात डोकं खाणारा प्रकार, कातडीचं सिलिकॉन घट्टच न होणं. प्लॅटिनम सिलिकॉन (दोन भाग मिसळून घट्ट होणारा प्रकार) ओतलं, दुसऱ्या दिवशी मोल्ड म्हणजे साचा उघडला तर पृष्ठभाग चिकट, बोट लावलं की धागे निघतात. लोक पुढच्या वेळी पार्ट बी, म्हणजे त्यातला दुसरा भाग, जास्त टाकतात, पण दोष प्रमाणात नसतोच बऱ्याचदा, दोष असतो क्लेमधल्या गंधकात किंवा हातातल्या लेटेक्स ग्लोव्ह्जमध्ये. गंधक नसलेली क्ले घ्या, ग्लोव्ह्ज नायट्राइलचे, आणि टिन सिलिकॉनच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या सिलिकॉनच्या मोल्डमध्ये प्लॅटिनम ओतूच नका. चिकट राहिलेला थर नंतर सुकत नाही, पूर्ण काढून नव्याने ओतावं लागतं, त्यामुळे आधी मोल्डच्या कोपऱ्यात थेंबभर टाकून बघाच. रंगही सिलिकॉन बेसचाच लागतो, साधा ॲक्रेलिक पापुद्र्यासारखा सुटून येतो.

हालचालीत सगळे सर्व्हो, म्हणजे अवयव हलवणाऱ्या छोट्या मोटर, एकदम सुरू केले की संपलं, खेळणं वाटतं. आधी डोळे वळू देत, मग मान, मग खांदे. आणि शांत उभा असतानाही श्वास हवाच, छातीच्या कातडीखाली एक साधा हवेचा फुगा हळूहळू फुगवला तरी केवढा फरक पडतो, मला तर हा सगळ्यात सुंदर इफेक्ट वाटतो!

लाइट समोरून सपाट मारू नका, रबर लगेच उघडं पडतं, बाजूने किंवा मागून घ्या. मिथाइल सेल्युलोजची (पाण्यात घट्ट चिकट होणारी पावडर) लाळ गरम लाइटखाली वाळते, तेव्हा कॅमेरा रोल व्हायच्या आधी परत लावा आणि डोळ्यांवरची चमकही तेव्हाच चेक करा.