मासेमारी बंदीच्या दिवसांत रक्ततपासणी
जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा तिशी ओलांडलेल्या पुरुषांनी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी उरकून घ्यावी. यांपैकी रक्तदाब व साखर प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासली जाते. उपाशीपोटीच्या साखरेसाठी आदल्या रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास पाण्याखेरीज काहीही घेऊ नये, आणि पहाटेचा कोरा चहासुद्धा (घरोघरी हुज्जत होते ती यावरूनच) चालत नाही. एवढे उपाशी राहणे जमत नसेल, तर मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी कधीही करता येते. तिचा आकडा ६.५ टक्के किंवा अधिक आल्यास मधुमेहाची शक्यता धरून डॉक्टरांना लगेच भेटावे. प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या) कर्करोगाचा अंदाज घेणारी पीएसए ही रक्तचाचणी मात्र पन्नाशीनंतरही डॉक्टरांशी बोलूनच करावी, कारण तिचा आकडा कर्करोग नसतानाही वाढलेला असू शकतो.