माळरानावरील शिकारीची छायाचित्रे : या चुका टाळा

कोल्हापुरातून पहाटे अंधारात निघून इंदापूर-बारामतीकडच्या माळरानांवर लांडग्यांची छायाचित्रे काढायला जाणारे अनेक जण परतल्यावर मला आपले काम दाखवतात, आणि प्रत्येक वेळी त्यांचा प्रश्न लेन्सविषयी असतो. ६०० मिलिमीटर पुरेल का, की टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारी जोडभिंग) घ्यावा? बिघाड मात्र बहुतेक वेळा लेन्समध्ये नसतो, तो गाडी चालवण्यात असतो.

लांडगा चालू लागला की गाडी त्याच्या मागे घालणे ही मला सर्वांत खटकणारी चूक आहे. चिंकारा आणि काळवीट सरळ धावण्यात लांडग्याला सहज मागे टाकतात, त्यामुळे लांडग्याची सारी भिस्त ओघळ, बांध, उंच गवत आणि जोडीदार यांवर असते. एक जण समोर दिसत राहतो आणि दुसरा वळसा घालून दबा धरतो. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही हेच पाहत होतो. चार चिंकारा चरत होते, एक लांडगा गवतात सपाट पडला होता आणि दुसरा ओघळीतून पुढे सरकत होता. आम्ही चाळीस मिनिटे इंजिन बंद करून बसलो होतो. तेवढ्यात सोबतच्या एका नवख्याने चालकाला सांगितले, "जरा पुढं घ्या की, लेन्स पुरत नाही." गाडी जेमतेम पन्नास फूट सरकली असेल, पण चिंकाऱ्यांच्या माना वर झाल्या, त्यांच्यातल्या एकाने शिंकल्यासारखा इशारा दिला आणि कळप टेकाडापलीकडे गेला. ओघळीतला लांडगा उठून आमच्याकडे पाहत उभा राहिला आणि मग दोघेही निघून गेले. त्या दिवशी त्यांना दुसरे काही मिळाले की नाही हे मला कधीच कळणार नाही. चालकाला वेळेवर "नको" न म्हटल्याची खंत मला आजही आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणे आणि त्याला आमिष दाखवणे हेही येते, याची जाणीव गाडी पळवणाऱ्यांना आणि मेलेली कोंबडी टाकून लांडग्याची वाट पाहणाऱ्यांना असायला हवी.

कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार केली जात असे. चित्त्याला बैलगाडीतून कळपाजवळ नेण्याची पद्धत होती, कारण रोजच्या ओळखीच्या, संथ चालणाऱ्या गाडीला काळवीट फारसे बुजत नसत. ती शिकार आता इतिहासजमा आहे, पण प्राण्याच्या वागण्याचा हा नियम बदललेला नाही. एका चालीने जाणारी किंवा स्थिर उभी असलेली गाडी त्याला खपते, मात्र मध्येच वळणारी गाडी, उघडणारे दार आणि पायी उतरलेला माणूस त्याला खपत नाही. म्हणून मी आखलेल्या वाटेवरच, सूर्य पाठीशी घेऊन थांबतो, लेन्स टेकवायला खिडकीवर ज्वारी भरलेली पिशवी (बीन बॅग) ठेवतो आणि दुर्बिणीतून लांडग्याऐवजी भक्ष्याकडे पाहतो. कळप कोणत्या दिशेने चरत पुढे येतो आहे हे कळले, की पाठलाग कुठून जाईल याचा बराच अंदाज बांधता येतो. यात तास-दीड तास जातो आणि अनेकदा काहीच घडत नाही. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी या विषयाच्या वाटेला न जाणे लांडग्यांच्या हिताचे आहे.

दुसरी चूक शटर स्पीडची, म्हणजे कॅमेऱ्याचे शटर किती वेळ उघडे राहते त्याची. पहाटेच्या अपुऱ्या प्रकाशात छायाचित्रात दाणे येतील या भीतीने नवखे लोक आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ४०० वर अडकून १/३२० सेकंदाने टिपतात आणि धावणाऱ्या प्राण्याचे चारही पाय पुसट होतात. दाणे नंतर बरेच कमी करता येतात, हललेले चित्र मात्र दुरुस्त होत नाही. मी मॅन्युअल मोडमध्ये १/२००० आणि लेन्सचे सर्वांत मोठे छिद्र ठरवतो, आयएसओ स्वयंचलित ठेवतो आणि तो ६४०० पर्यंत गेला तरी चिंता करत नाही. पाठलाग दूर असतानाच बटण दाबून धरू नये, कारण कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण (बफर) भरते आणि नेमक्या झडपेच्या क्षणी कॅमेरा अडकतो. एकेका सेकंदाचे तुकडे पुरतात.

ऊन चढल्यावर जमिनीलगतची हवा थरथरते आणि दूरच्या प्राण्याचे चित्र कोणत्याही लेन्सने विरघळल्यासारखेच येते, तेव्हा कॅमेरा बॅगेत ठेवावा. पिल्ले असलेल्या गुहेजवळ जाऊ नये. गुहेचे ठिकाण कोणालाही सांगू नये, अगदी जवळच्या मित्रालाही नाही. परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये.

चौकट फार घट्ट धरणेही टाळावे. लांडग्याचे डोके तेवढे भरून घेतले की चिंकारा, त्यांच्यामधले अंतर आणि माळ यांतले काहीच उरत नाही, आणि शिकारीचे छायाचित्र साध्या व्यक्तिचित्रासारखे दिसू लागते.

शिकार फसली म्हणून कार्डावरची छायाचित्रे जागच्या जागी पुसून टाकणारेही मी पाहिले आहेत. लांडग्याचे बहुतेक प्रयत्न फसतात, त्यामुळे अशी छायाचित्रेच त्याच्या रोजच्या जगण्याची खरी नोंद असतात. माझ्या घरी भिंतीवर लावलेल्या एकमेव छायाचित्रात एक लांडगा जीभ बाहेर काढून उभा आहे आणि टेकाडावर पोहोचलेला चिंकारा मागे वळून त्याच्याकडे पाहतो आहे.