लिनक्सवर जपानी टंकलेखन: फक्त 'जपानी' निवडून भागत नाही

उबुंटूच्या (लिनक्सच्या एका लोकप्रिय प्रकाराच्या) सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या यादीत 'जपानी' जोडलं तरी कांजी (चिनी लिपीतून आलेली जपानी चिन्हं) उमटत नाही, कारण तो नुसता कळांचा आराखडा असतो. रोमन अक्षरांतून काना (उच्चार दाखवणारी जपानी अक्षरं) आणि कानातून कांजी करायला वेगळं इंजिन लागतं. मी मोझ्क सुचवेन. गूगलच्या जपानी इनपुटमधूनच निघालेला हा मुक्तस्रोत प्रकल्प आहे.

नोम (GNOME) या उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर 'आयबस-मोझ्क' (ibus-mozc) हे पॅकेज बसवा; आयबस म्हणजे अशी इंजिनं चालवणारी प्रणाली. ते झालं की लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. हे टाळलंत तर यादीत मोझ्क बहुधा दिसणारच नाही. मग इनपुट सोर्समध्ये 'जपानी (मोझ्क)' जोडा. सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते. तरीही इंग्रजीच उमटत असेल तर घाबरू नका, मोझ्क थेट इनपुटवर, म्हणजे टाइप केलेलं जसंच्या तसं उमटवणाऱ्या मोडवर असतं. वरच्या पट्टीतल्या मेनूतून हिरागाना (कानाचा नेहमीचा प्रकार) निवडा.

टाइप करा, स्पेसने कांजीचे पर्याय पाहा, एंटरने पक्कं करा. एफ७ दाबलं की काताकाना, म्हणजे मुख्यतः परकी शब्दांसाठीचा काना. 'न्' साठी एन दोनदा दाबायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. के-आय-एन-ई-एन टाइप केलं तर 'किनेन' म्हणजे स्मरण; मधला एन दोनदा दाबला तर 'किन्-एन', म्हणजे धूम्रपानबंदी!

केडीई प्लाझ्मा हा दुसरा डेस्कटॉप वापरत असाल तर आयबसऐवजी एफसिटिक्स ५ (fcitx5) ही तशीच प्रणाली आणि त्याचं मोझ्क पॅकेज घ्या. वेलँडवर (खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर) सिस्टिम सेटिंग्जच्या व्हर्च्युअल कीबोर्ड विभागात एफसिटिक्स ५ निवडावं लागतं. कांजीच्या जागी चौकोन दिसले तर नोटो सीजेके फॉन्ट बसवा.