पेंटेकॉस्ट घरी कसा पाळायचा
ईस्टरचा रविवार धरून 50वा दिवस म्हणजे पेंटेकॉस्ट, येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्याची आठवण, पण नुसतं चर्चला जाऊन आलं की झालं असं करू नका. आदल्या रात्री घरात सगळे बसून बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय 2 मोठ्याने वाचा, आणि वारा, अग्नीच्या जिभा, शिष्य बोलायला लागले त्या वेगवेगळ्या भाषा इथेच थांबू नका हां, मला तर पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं, सुमारे 3000 लोकांचा बाप्तिस्मा झाला आणि मग ते आपलं विकून गरजवंताला द्यायला लागले, घरोघरी एकत्र जेवायला लागले. पवित्र आत्मा आला की हे असं होतं! आपल्या पुण्यात मराठी, तमिळ, मल्याळम बोलणारे ख्रिस्ती शेजारी शेजारी राहतात, तर त्या दिवशी दुसऱ्या भाषेतलं एखादं कुटुंब जेवायला बोलवा, ताटं वाढली की प्रार्थना त्यांच्याच भाषेत करायला सांगा, शब्द कळले नाहीत तरी मनापासून आमेन म्हणा. आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला सकाळीच फोन लावा.