लाफ्रॉइगचा पहिला पेग असा घ्या

कोल्हापुरात तीस वर्षं मी औषधांचं दुकान चालवलं. मुलाने ग्लासगोतल्या घरी लाफ्रॉइग या धुरकट स्कॉच व्हिस्कीची बाटली उघडली, तेव्हा वास आधी ऐकलं होतं तसाच आला: टिंक्चर आयोडीन, जखमेवरचं ड्रेसिंग आणि त्यामागे भरतासाठी निखाऱ्यावर भाजलेलं वांगं. इथेच बरेच जण ग्लास खाली ठेवतात. मला फार वाईट वाटतं, कारण खरी गंमत त्याच्या पुढे आहे.

आधी बर्फ आणि सोडा लांब ठेवा. गारठ्याने वास दबतो, आणि या बाटलीचे पैसे आपण वासासाठीच मोजलेले असतात. तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घ्या, तीस मिलीचाच पेग ओता आणि दहा मिनिटं हात लावू नका. मग ग्लास हनुवटीपाशी धरा, ओठ किंचित उघडे ठेवा, हलकेच हुंगा. नाक आत खुपसलंत तर नुसतं अल्कोहोल झोंबेल.

पहिल्यांदा दवाखानाच येणार. येऊ द्या. ही व्हिस्की ज्या धान्यापासून होते, त्याला पीटची, म्हणजे दलदलीत कुजून साचलेल्या झाडपाल्याच्या मातीची, धुरी देतात. पीटच्या धुरात फिनॉल असतं, आणि फिनॉल म्हणजेच आपलं जुनं कार्बोलिक ॲसिड. १८६५ मध्ये ग्लासगोच्याच रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात जोसेफ लिस्टर या सर्जनने जखमा निर्जंतुक करायला ते वापरलं होतं. नाकाला हे एकदा पटलं की ते घाबरायचं सोडतं. मग मागून व्हॅनिला येतो, तो बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या लाकडी पिंपांचा, ज्यांत ही मुरते, आणि खारा वाराही.

तो धूर कुठून येतो, ते मी स्कॉटलंडच्या आयला बेटावर, लाफ्रॉइगच्या डिस्टिलरीत पाहिलं. बेटावरच्या पोर्ट एलन गावातून चालत जाता येतं. डोनाल्ड आणि अलेक्झांडर जॉन्स्टन या भावांनी १८१५ मध्ये सुरू केलेली ही डिस्टिलरी अगदी समुद्राला लागून आहे. भिजवलेलं बार्ली फरशीवर पसरलेलं असतं. मी एक दाणा उचलला: ओलसर, फुगलेला, टोकाला पांढरी मुळं. आपल्या मटकीसारखंच. उलथत राहिलं नाही तर मुळं एकमेकांत गुंततात आणि ढिगात उष्णता साचते. पुढची धुरी दाणा ओला असतानाच द्यावी लागते, कारण वाळल्यावर धूर नीट चिकटत नाही. झाडं कमी असलेल्या या बेटावर जमिनीतून कापून वाळवलेलं पीट हेच जुनं जळण. आता सगळं माल्ट, म्हणजे असं मोड आणून वाळवलेलं बार्ली, इथे होत नाही, बरंचसं बाहेरून येतं. पण ही फरशी त्यांनी बंद केली नाही, याचं मला मनापासून कौतुक आहे.

बेसी विल्यमसनची गोष्टही इथलीच. १९३४ च्या उन्हाळ्यात ती काही महिन्यांच्या टायपिस्टच्या कामासाठी आली. मालक इयान हंटर यांचा विश्वास तिने असा कमावला, की १९५४ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर डिस्टिलरी तिच्याकडे आली. गल्ल्यावर मी बसलेली असतानाही ‘मालक कुठे आहेत?’ असं मला वर्षानुवर्षं विचारलं जायचं, म्हणून तिच्या फोटोसमोर मी जरा जास्तच वेळ थांबले.

आता पहिला घोट. अगदी छोटा घ्या, जिभेवर फिरवा, मग गिळा. दुसरा घोट घेतल्यावरच मत बनवा. मग चमच्याने साध्या पाण्याचे चार-पाच थेंब टाका, त्याहून जास्त नको. धुराआडचा गोडवा पुढे येतो.

चकण्याला तिखट शेव, मसाला शेंगदाणे मुळीच नकोत, जीभ भाजून जाते. भाजलेले खारे काजू किंवा चीजचा तुकडा पुरे. महाराष्ट्रात असाल तर परवाना जवळ ठेवा आणि त्या रात्री दुसरा पेग भरू नका.

ग्लास लगेच विसळू नका. बशी झाकून ठेवा आणि सकाळी चहाआधी हुंगा. दारू उडून गेलेली असते आणि तळाशी विझलेल्या चुलीचा वास उरलेला असतो.