आधी पत्र, मग पैसे: थकलेलं कार्ड कमी रकमेत मिटवताना

नऊ वर्षं मी एका बँकेच्या वसुली खात्यात फोनवर बसले. तुम्हाला जे फोन येतात ना, ते करणाऱ्यांतली मी. पुढे नवऱ्याची नोकरी गेली, घरातली दोन कार्डं थकली, आणि तेच फोन माझ्या नंबरवर यायला लागले. त्यातलं एक कार्ड मिटवताना मी शहाणी असूनही फसले, दुसरं नीट मिटवलं. हे सगळं तारण नसलेल्या कर्जाबद्दल आहे, म्हणजे क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन. घर किंवा गाडी गहाण असेल तर बँकेच्या हातात वस्तू असते, तिथे घासाघीस फार चालत नाही.

पूर्ण फेडणं जमत असेल, मुदत वाढवून, हप्ता लहान करून का होईना, तर सेटलमेंटच्या, म्हणजे कमी रकमेत तडजोडीच्या, वाटेला जाऊ नका. क्रेडिट रिपोर्टवर 'क्लोज्ड'च्या जागी 'सेटल्ड' लागतं आणि पुढे कर्ज मागायला गेलात की पहिली नजर त्याच शब्दावर जाते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 पासूनच्या नियमांनुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला त्या बँकेने किमान बारा महिने नवं कर्ज द्यायचं नसतं. हे सगळं सोसायची तयारी असेल आणि दुसरा मार्गच उरला नसेल, तर पुढे वाचा.

सूट दयेपोटी मिळत नाही. मी रडणारी माणसं रोज ऐकायचे, वाईटही वाटायचं, पण माझ्या स्क्रीनवर सूट द्यायचं बटणच नसायचं. सूट ठरते खात्याच्या वयावर. थकून तीस दिवस झालेलं खातं असेल तर फार तर लेट फी माफ. 90 दिवस उलटले की खातं एनपीए (बँकेच्या लेखी अनुत्पादक, येणं थांबलेलं कर्ज) होतं, बँकेला त्यापोटी आपल्या नफ्यातून तरतूद करावी लागते, आणि तिथून बोलणी खरी सुरू होतात. त्याही पुढे खातं राइट-ऑफ झालं की ते अशाच खात्यांच्या वेगळ्या गटात जातं आणि त्यातून जे येईल ते मिळालं असं धरतात. राइट-ऑफ म्हणजे कर्ज माफ नव्हे, हे अनेकांना माहीत नसतं. ते बँकेच्या पुस्तकातलं काम आहे, तुमचं देणं जागच्या जागी असतं.

म्हणून मुद्दाम थकवा असं मी अजिबात सांगत नाहीये. माझंच बघा. खर्चाची मूळ रक्कम दोन लाख दहा हजार. महिना साडेतीन टक्के व्याज, त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, वर लेट फी. चौदा महिन्यांत आकडा तीन लाख चौऱ्याऐंशी हजारांवर गेला. बोलायला बसण्याआधी सगळी स्टेटमेंटं काढा आणि वहीत दोन रकाने करा: आपण खरंच वापरलेले पैसे एका बाजूला, व्याज-दंड दुसऱ्या बाजूला. फोनवरचा माणूस नेहमी एकूण आकडा बोलतो. तुम्ही मुद्दल बोला.

भीतीचं काय? कार्डाचे पैसे न भरणं हा दिवाणी मामला आहे. त्यासाठी पोलीस घरी येत नाहीत. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाईकांसमोर किंवा ऑफिसात अपमान करायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलेलं आहे. फोन आले की तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा. मात्र एका ठिकाणी खरंच जपा. दिलेला चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138, आणि ऑटो-डेबिट परत गेलं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम 25, दोन्हींत दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे "ताई, पुढच्या तारखेचे तीन चेक देऊन ठेवा" याला नाही म्हणा. आणि पगार त्याच बँकेत जमा होत असेल तर खातं आधी दुसरीकडे हलवा. थकलेली रक्कम त्याच बँकेतल्या बचत खात्यातून वळती झाल्याची प्रकरणं मी स्वतः हाताळली आहेत. समोरच्याचा आवाज ऐकवत नाही.

आता पैशांची जमवाजमव. हातात एकरकमी किती आहे, हा एकच प्रश्न महत्त्वाचा. दोन कार्डं थकली असतील तर दोघांना थोडं थोडं देऊन काहीच मिटत नाही. एकावर सगळी रक्कम लावा, दुसरं थांबू द्या. आणि एक कार्ड मिटवायला दुसरीकडून कर्ज काढू नका, एवढं तरी ऐका.

पहिल्या कार्डाला मी कशी फसले ते सांगते. वसुलीचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आज वीस हजार टोकन टाका, मी लगेच वेव्हरला, म्हणजे सूट मंजुरीला, पाठवतो." मीही कधीकाळी हेच वाक्य बोललेली बाई, तरी टाकले. त्या दिवशी घरी फार वाजलं होतं, काहीतरी मिटल्यासारखं वाटावं म्हणून टाकले. वीस हजार व्याजात जिरले. पुढच्या महिन्यात खातं दुसऱ्या एजन्सीकडे गेलं, नव्या माणसाकडे वेव्हरची नोंदच नव्हती. वर आणखी एक गंमत: अशा थकबाकीसाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि मुदतीच्या आत लेखी कबुली दिली किंवा काही रक्कम भरली तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते. जुनं खातं असेल तर काही लिहून देण्याआधी वकिलाला विचारा.

फोनवरच्या माणसाला मंजुरीचा अधिकार नसतो. नियमच असा आहे की ज्या पातळीवरच्या अधिकाऱ्याने कर्ज मंजूर केलं, त्याच्यापेक्षा किमान एक पायरी वरच्याने तडजोड मंजूर करायची. म्हणून दुसऱ्या कार्डाच्या वेळी मी आधी ईमेल केला. चार ओळी: नोकरी गेल्याची तारीख, सोबत कंपनीचं पत्र, एकरकमी एक लाख वीस हजार देऊ शकते, सात दिवसांत. दुखणं असेल तर दवाखान्याची कागदं जोडा. ही कागदं वरच्या टेबलावर फाइल हलवायला लागतात, तिथे तुमचा आवाज पोचत नाही.

फोन आला मार्चच्या 27 तारखेला. मी वाटच बघत होते, कारण महिनाअखेर आणि त्यातही मार्चअखेर टार्गेट डोक्यावर असतं.

"मॅडम, तीन लाख दहा करून देतो, स्पेशल केस."
"दादा, माझ्याकडे एक लाख वीस आहेत."
"एवढ्यात सिस्टिमच घेणार नाही."
"बरं. मग घेईल तेव्हा फोन करा."

आणि मी गप्प बसले. समोरचा कीबोर्ड वाजवत होता, मला माहीत होतं की तो नुसताच वाजवतोय. गप्प राहणं हे सगळ्यात अवघड काम, आपण घाबरून दहा हजार वाढवतो. त्या दिवशी तो दोन पंचवीसवर आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या वरच्या बाईंचा फोन, एक ऐंशी. शेवटी एक लाख पंचावन्न, एका हप्त्यात. हप्ते मागितले की आकडा वाढतोच. आणि ठरलेली रक्कम फेडायला तीन महिन्यांहून जास्त वेळ लागला तर बँकेला ते नियमाने पुनर्रचना म्हणून धरावं लागतं, त्यामुळे तीनच्या वर हप्ते क्वचित मिळतात.

मग मी म्हटलं, पत्र पाठवा. "आधी भरा, पत्र आपोआप जनरेट होतं." नाही होत. मी तिथे होते.

पत्र आलं की एकेक शब्द बोट ठेवून वाचा. बँकेच्याच ईमेल पत्त्यावरून आलंय का? कार्डाचे शेवटचे चार आकडे बरोबर आहेत का? रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, भरायची शेवटची तारीख, पैसे कुठे भरायचे, आणि 'पूर्ण व अंतिम' हे शब्द. माझ्या पहिल्या पत्रात रक्कम बरोबर होती, पण तिला 'अंशतः भरणा' म्हटलं होतं. परत पाठवलं, दोन दिवसांनी दुरुस्त होऊन आलं. खोटी पत्रंही फिरतात, म्हणून कार्डामागच्या नंबरवर फोन करून पत्राची खात्री करा. पैसे थेट कार्डाच्या खात्यात, बँकेच्या अधिकृत मार्गानेच. एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. आणि शेवटची तारीख चुकली की सूट रद्द, भरलेले पैसे थकबाकीत जमा. मी दोन दिवस आधी भरले.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, जा. कोर्ट फी लागत नाही आणि बँकेचा माणूस तिथे तडजोडीच्या तयारीनेच आलेला असतो. फक्त तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकुमासारखा असतो, अपील नाही. जमणार नाही तो आकडा कबूल करू नका. "आम्ही तुमचं कर्ज मिटवून देतो" म्हणून महिन्याला फी घेणाऱ्या कंपन्यांची मला गरज वाटत नाही, वरची सगळी कामं एका ईमेलची आहेत.

पैसे भरल्यावर नो ड्यूज पत्र, म्हणजे काही देणं बाकी नाही असं बँकेचं पत्र, मागा. महिना-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क, हा रिपोर्ट बनवणाऱ्या या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. शिल्लक शून्य नसेल तर तक्रार टाका. 30 दिवसांत ती निकालात निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळायचा नियम आहे. बँक दाद देत नसेल तर तिच्याकडे केलेल्या तक्रारीला 30 दिवस झाले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं.

पत्र, पावती आणि नो ड्यूज मी एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं, फोटो फोनमध्ये. चार वर्षांनी एका अनोळखी एजन्सीचा फोन आला: "मॅडम, तुमचं एक जुनं कार्ड पेंडिंग दिसतंय." मी पत्राचा फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा झाल्या. "ओके मॅडम," एवढंच आलं.